मीर अनीसांचा मर्सिया देवनागरीतून मोठ्याने कसा वाचावा

पहिली गोष्ट, मर्सिया, म्हणजे करबलेच्या लढाईत इमाम हुसेन आणि त्यांच्या साथीदारांना आलेल्या मरणावरचं उर्दू शोककाव्य, गायचा नाही, बोलायचा. या पद्धतीला तहतुल्लफ़्ज़ म्हणतात. चालीवर म्हणायची सोज़ख़्वानी ही वेगळी कला, आणि वाद्य दोन्हींत नसतं.

मीर बबर अली अनीस फैजाबादचे. वडील मीर ख़लीक़ आणि आजोबा मीर हसन, दोघेही कवी. 1874 मध्ये लखनौत त्यांचं निधन झालं. करबला इराकात, पण अनीसांची पात्रं बोलतात ती अवधच्या घरंदाज भाषेत. म्हणून आई-मुलाचे संवाद घरात बोलतो तसेच वाचा. तिथे भाषणाचा आवाज लावला की सगळं मरतं.

आता वजन, म्हणजे ओळीचं वृत्त. सुरेश भटांमुळे नागपुरात गालगागा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू) पुष्कळांच्या कानात आहे, ते इथे कामी येतं. ‘जब क़त्अ की मसाफ़त-ए-शब आफ़ताब ने’ या ओळीचे तुकडे असे पडतात:

जब क़त्अ (गागाल)
की मसाफ़ (गालगाल)
ते शब आफ़ (लगागाल)
ताब ने (गालगा)

दोन ठिकाणी हमखास घसरतं. ‘क़त्अ’चं ‘कता’ केलं की गाल जाऊन लगा येतं आणि ओळ लंगडते. दुसरं म्हणजे ‘मसाफ़त’ म्हणून थांबायचं आणि ‘ए’ सुटा उच्चारायचा. तो ‘ए’ आधीच्या ‘त’ला चिकटवून ऱ्हस्व ‘ते’ म्हणा. नुक्ते, म्हणजे क़, फ़, ज़ यांखालचे टिंब, छापील प्रतीत गळलेले असतात, ते वाचनाआधी पेनाने घालून घ्या.

प्रत्येक बंद, म्हणजे कडवं, सहा ओळींचं. पहिल्या चार ओळींचं यमक एक, शेवटच्या दोन ओळींचं, म्हणजे बैतचं, वेगळं. चौथ्या ओळीनंतर पूर्ण श्वास घ्या. बैत सावकाश वाचा, बंदाचा सगळा भार तिच्यावर असतो. एका पानावर एकच बंद मोठ्या अक्षरात लिहिलात तर पान उलटताना बैत तुटत नाही.

मोठे मर्सिये दीडशे-दोनशे बंदांचे असतात. घरगुती बैठकीला पंधरा-एक पुरे, पण निवड नीट हवी. चेहरा, म्हणजे प्रस्तावना, दोन बंदांत आटपा. रुख़सतला, म्हणजे लढाईला निघतानाच्या निरोपाला, निदान चार द्या. निरोप ऐकलाच नाही तर शेवटचा बैन, म्हणजे विलाप, कोरडा जातो. आमद (वीराचं रणात येणं), रजज़ (लढण्याआधी त्यानं स्वतःची ओळख सांगणं), जंग (लढाई) यांतला एकेक घ्या. शहादतचे, म्हणजे वीराच्या मरणाचे, दोन. वरच्या ‘जब क़त्अ’ या मर्सियातले उन्हाचे बंद मात्र गाळू नका. मे महिन्यातलं नागपूर सोसलेल्या श्रोत्याला करबलेची तहान समजावून सांगावी लागत नाही. ते वाचताना आवाज चढवू नका, दोन शब्दांमधलं अंतर वाढवा. बैनला तर आवाज आणखी खाली. वाचणाराच आधी हुंदके द्यायला लागला तर शब्द ऐकूच येत नाहीत.