सिनेटची पांढरी मतपत्रिका: ऑस्ट्रेलियात नव्याने मतदार झालेल्यांसाठी

नागरिकत्व मिळालं की इथे मतदान सक्तीचं. १९२४ पासूनचा कायदा आहे आणि तो पाळला जातो. समारंभातच नावनोंदणीचा अर्ज हातात देतात, तो त्याच आठवड्यात भरून टाका. निवडणुकीचे आदेश निघाल्यावर सातव्या दिवशी रात्री आठ वाजता मतदारयादी बंद होते. घर बदललं की नव्या पत्त्यावर महिनाभर राहून झाल्याबरोबर यादीतला पत्ता बदला. मेलबर्नहून ब्रिस्बेनला गेलेली आपली किती कुटुंबं वीज, बँक, शाळा सगळीकडे पत्ता बदलतात आणि हे तेवढं विसरतात! मत दिलं नाही तर दंड २० डॉलरचा आहे, पण त्याबद्दल आलेल्या पत्राला उत्तर दिलं नाही तर प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं.

पीआरवाल्यांना (नागरिक नसलेल्या कायम रहिवाशांना) मत नाही. ऑफिसातल्या कुणी आग्रह केला तरी अर्जावर सही करू नका, कारण त्यात आपण नागरिक असल्याचं जाहीर करावं लागतं. भारतीय पासपोर्ट असेपर्यंत फॉर्म ६अ भरून महाराष्ट्रातल्या आपल्या गावच्या यादीत नाव राखता येतं, मात्र मत द्यायला तिथे जावं लागतं.

केंद्रावर ओळखपत्र मागत नाहीत, बोटाला शाई लावत नाहीत, यंत्रही नसतं. नाव, पत्ता आणि ‘या निवडणुकीत आधी मत दिलंय का’ एवढं विचारतात आणि दोन कागद देतात. हिरवा खालच्या सभागृहाचा, पांढरा सिनेटचा, म्हणजे वरच्या सभागृहाचा. आता नीट वाचा, कारण आपल्याकडच्या लोकांची सगळ्यात जास्त मतं इथेच वाया जाताना मी पाहिली आहेत. हिरव्या कागदावर प्रत्येक चौकटीत क्रमांक हवा, एकही रिकामी सोडायची नाही. पांढऱ्यावर जाड रेषेच्या वर किमान सहा गटांना (म्हणजे पक्षांच्या चौकटींना) क्रमांक द्यायचे, नाहीतर रेषेखाली किमान बारा उमेदवारांना. पांढऱ्याचा नियम हिरव्याला लावून सहाच आकडे लिहिले आणि तिथे उमेदवार आठ असले, तर ते मत बाद. चूक झाली तर कागद पेटीत टाकण्याआधी दुसरा मागा, देतात. लाजू नका.

पांढऱ्या कागदावरची दुसरी चूक दिसतच नाही. रेषेच्या वर आपल्या पक्षापुढे नुसता ‘१’ लिहून लोक बाहेर येतात. मत बाद होत नाही, म्हणून त्यांना वाटतं झालं काम. पण सिनेटची मोजणी समजून घ्या. एका वेळी राज्यातून साधारण सहा जण निवडायचे असतात आणि निवडून यायला सातवा हिस्सा मतं लागतात, म्हणजे सुमारे १४.३ टक्के. याला कोटा म्हणतात. मोठ्या पक्षांचे पहिले एक-दोन उमेदवार सहज येतात. खरी झुंज पाचव्या-सहाव्या जागेसाठी असते आणि ती पुढच्या पसंतींवर ठरते. तुमचा गट मोजणीतून बाहेर पडला आणि कागदावर ‘१’ च्या पुढे काहीच नसलं, तर कागद बाजूला ठेवतात. सहाव्या जागेचा निकाल लागत असताना तुम्ही मोजणीत नसता.

२०२५ मध्ये व्हिक्टोरियात लेबर पक्षाची पहिल्या पसंतीची मतं तीन कोटे भरतील एवढी नव्हती. तरी यादीत तिसऱ्या असलेल्या मिशेल आनंदा-राजा निवडून आल्या, त्या इतरांच्या पुढच्या पसंतींमुळे. म्हणून सहावर थांबू नका. ज्या गटाबद्दल तुमचं काही मत आहे तिथवर लिहीत जा. जो अजिबात नको, त्याच्या आधी बाकीच्यांना क्रमांक द्या.

युती म्हणजे कोण, हेही इथे वेगळं आहे. महायुती-आघाडीच्या जागावाटपाची सवय असलेल्या माणसाचा गोंधळ होतो. लिबरल आणि नॅशनल या पक्षांची युती १९२३ पासूनची, मधून मधून तुटते आणि जुळते. मे २०२५ मध्ये पराभवानंतर तुटली आणि आठवडाभरात परत जुळली. पण मतपत्रिकेवर ती राज्यागणिक वेगळी दिसते. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात दोघांची एकच चौकट, क्वीन्सलँडमध्ये दोघे मिळून एकच पक्ष, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात दोन वेगळ्या चौकटी. समोर लेबर आणि ग्रीन्स हे पक्ष. त्यांची युती नाही, ते एकमेकांविरुद्धच लढतात. तरी २०२५ च्या निकालाने सिनेटच्या ७६ जागांत लेबरचे २८ आणि ग्रीन्सचे ११ मिळून नेमके ३९ झाले, म्हणजे बहुमत. युतीकडे २७ उरल्या. खालच्या सभागृहात ९४ जागा जिंकलेल्या लेबर सरकारलाही कायदा करायचा तर सिनेटमध्ये कुणाचा तरी हात धरावा लागतो.

‘सिनेट म्हणजे इथली राज्यसभा, तिला कोण विचारतं’ हे मंडळाच्या जेवणावळीत दर निवडणुकीला ऐकू येतं. राज्यसभेचे बहुतेक सदस्य आमदार निवडतात, सिनेटर तुम्ही निवडता. राज्यसभा धनविधेयक १४ दिवसांपलीकडे अडवू शकत नाही. इथल्या सिनेटने १९७५ मध्ये सरकारच्या खर्चाची मंजुरी रोखून धरली आणि त्या पेचात गव्हर्नर जनरलनी ११ नोव्हेंबरला पंतप्रधान व्हिटलम यांना बडतर्फ केलं. एवढी ताकद असलेल्या सभागृहाचा कागद घाईत भरून पेटीत टाकणं मला पटत नाही.

केंद्राबाहेर स्वयंसेवक ‘हाऊ टू व्होट’ कार्डं हातात देतील. घ्या, हसून आभार माना, पण ती पक्षाची नुसती सूचना असते. २०१६ च्या आधी ‘१’ लिहिलं की पुढच्या पसंती पक्ष ठरवायचा. त्यातूनच २०१३ मध्ये रिकी म्युअर पहिल्या पसंतीच्या ०.५१ टक्के मतांवर सिनेटर झाले. तो प्रकार आता बंद आहे, पसंती तुमच्या हातात आहे. गणपतीच्या आरतीला झब्बा घालून कोणता उमेदवार आला होता, यावर ती खर्च करू नका. त्या माणसाने सिनेटमध्ये आई-वडिलांच्या व्हिसाबद्दल काय मत दिलं, ते संसदेच्या संकेतस्थळावर सापडतं. आधी ते बघा.

रेषेखाली मत देणं वेळखाऊ आहे, पण फुकट जात नाही. २०१६ मध्ये टास्मानियात लेबरने लिसा सिंग यांना यादीत सहाव्या क्रमांकावर ढकललं होतं. लोकांनी रेषेखाली त्यांच्या नावापुढे आकडा घालून त्यांना निवडून आणलं. आपल्याला पक्ष हवा पण त्याने लावलेला क्रम नको असेल, तर हाच मार्ग आहे.

एक कागद काय करणार, असं म्हणणाऱ्यांना २०१३ चं वेस्टर्न ऑस्ट्रेलिया सांगा. शेवटच्या जागांचा फरक इतका थोडा होता, की फेरमोजणीत १,३७० मतपत्रिका हरवल्याचं कळल्यावर सगळ्या राज्याला एप्रिल २०१४ मध्ये सिनेटसाठी पुन्हा मतदान करावं लागलं.

मतदान शनिवारी असतं. त्या दिवशी काम असेल तर आधीच प्री-पोलला, म्हणजे आधीच्या दिवसांतल्या मतदानाला जा, गर्दीही कमी असते.

आई-बाबा नव्याने नागरिक झाले असतील आणि इंग्रजी अडत असेल, तर त्यांना घरी बसवू नका. मदतीशिवाय मत देता येत नसेल तर केंद्रप्रमुखाला सांगून सोबत माणूस नेता येतो, फक्त तो उमेदवार नको. आदल्या दिवशी उमेदवारांची यादी घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांच्याबरोबर बसा आणि क्रम त्यांना ठरवू द्या. केंद्रात तुम्ही फक्त त्यांनी सांगितलेले आकडे लिहायचे.