टुटू मागू नका, घागऱ्याची जाळी मागा

नाशिकमध्ये बॅले शिकणाऱ्या मुलीसाठी वेगळ्या रंगाचा टुटू, म्हणजे बॅलेत घालतात तो जाळीचा घागरा, तयार मिळणे कठीण असते, आणि मिळालाच तर तो बहुधा वाढदिवसाच्या फ्रॉकसारखा गुलाबी निघतो. त्यापेक्षा मेन रोडवरील कापड दुकानांत घागऱ्याखाली लावतात ती कॅनकॅनची जाळी मागावी. ती मीटरवर मिळते. जाळी मुठीत चुरगळून सोडावी: लगेच उसळून पसरली तर ती आखूड, फुललेल्या टुटूला योग्य, आणि मऊ पडून राहिली तर पोटरीपर्यंत येणाऱ्या रोमँटिक टुटूला.

सरावापुरता टुटू शिवणयंत्राशिवायही होतो. कमरेच्या मापापेक्षा दोन इंच कमी इलॅस्टिक घेऊन त्याची टोके जोडावीत व ते खुर्चीच्या पाठीवर चढवावे. हव्या त्या उंचीच्या दुपटीहून थोड्या लांब पट्ट्या कापून, प्रत्येक पट्टी मधोमध दुमडून, इलॅस्टिकवर फासगाठीने दाटीवाटीने बांधावी. मोरपंखी व जांभळ्या पट्ट्या एकाआड एक लावल्यास गिरकी घेताना दोन्ही रंग झळकतात, आणि असा टुटू तयार मालात सहसा सापडत नाही.

ही जाळी कृत्रिम धाग्याची असल्याने तिच्यावर गरम इस्त्री फिरवू नये, आणि स्नेहसंमेलनात दीपप्रज्वलनाच्या समईपासून मुलीला लांबच उभे करावे.