तोक्योतील सकाळ आणि कोकणातले पोट

मासळीच्या किंवा आंब्याच्या व्यवहारासाठी रत्नागिरी-देवगडहून तोक्योला जाणाऱ्यांनी प्रथम एवढे ध्यानात घ्यावे की, तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. म्हणजे तेथे सकाळचे सात वाजतात, तेव्हा आपल्या शरीराच्या लेखी पहाटेचे साडेतीनच वाजलेले असतात आणि भूक नसणे स्वाभाविक असते. म्हणून हॉटेलातील भरगच्च न्याहारी सोडून जवळच्या जुन्या वळणाच्या कॉफीगृहात, किस्सातेनमध्ये, जावे. तेथे सकाळी कॉफीसोबत बहुधा जाड टोस्ट आणि उकडलेले अंडे मिळते, आणि सुस्तावलेल्या पोटाला तेवढे पुरते. शक्यतो नऊनंतर खिडकीजवळ बसावे, कारण पूर्वेकडे प्रवास केल्यावर त्या वेळचा उजेड शरीराचे घड्याळ पुढे सरकवण्यास मदत करतो. भल्या पहाटेचा प्रखर उजेड मात्र उलट परिणाम करू शकतो.

दुपारचे जेवण स्थानिक वेळेलाच घ्यावे. शरीरातील कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे दुपारी दोननंतर कॉफी टाळावी, मग बैठकीत कितीही पेंग येवो.

सोमवार पाळणाऱ्यांनी विशेष जपावे: वरवर शाकाहारी दिसणाऱ्या नूडल्सच्या रश्शातही बहुधा सुक्या मासळीचा अर्क असतो, तेव्हा आधी विचारावे. (इतर वारी आपल्याला तो आवडेलच.) छोट्या ठिकाणी कार्ड चालेलच असे नाही, म्हणून रोख येन जवळ असावेत. बक्षिसी ठेवण्याची तेथे पद्धत नाही.