माळावर दबा धरायचाय? मग कॅमो नंतर, आधी कपड्याचा रंग ठरवा

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर डिसेंबरात हिरव्या-काळ्या चट्ट्यांचा ‘जंगल’ कॅमो घालून बसलेला माणूस अर्ध्या किलोमीटरवरून दिसतो. त्यापेक्षा शेजारच्या शेतातल्या आजोबांचं मळकं धोतर बरं. तरीही दरवर्षी नवीन पोरं ऑनलाइन तोच शर्ट मागवतात, कारण या विषयावरचा बहुतेक सल्ला परदेशी शिकाऱ्यांचा आणि तोही झाडीच्या मुलखातला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली. आता दबा धरायचा तो कॅमेरा घेऊन. पण लपण्याचं गणित शिकाऱ्याचंच राहतं. परवानगी, पाणी, पहाटे निघणं हे तुम्हाला माहीत आहे असं धरून पुढे जातो.

कोणाच्या डोळ्यांपासून लपायचं?

काळवीट, लांडगा, खोकड यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या तीन. लाल आणि नारिंगी त्यांना मळकट पिवळसर दिसतात. निळा मात्र चांगला कळतो. म्हणूनच अमेरिकेत बऱ्याच राज्यांत हरणाच्या शिकाऱ्याला भडक नारिंगी जाकीट सक्तीचं आहे: दुसऱ्या शिकाऱ्याला तो लांबून दिसतो, हरणाला तो रंग भडक वाटत नाही. आणि आपली मंडळी काय करतात? वर महागडा कॅमो शर्ट आणि खाली निळी जीन्स. माळावर यापेक्षा वाईट जोडी नाही.

पक्ष्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे अशा पेशी चार प्रकारच्या आणि जांभळ्यापलीकडचा प्रकाशही बऱ्याच जणांना दिसतो. धाविक, चंडोल, भोवत्या टिपायचे असतील तर लाल-नारिंगीची सूट विसरा.

खरी अडचण: रंग नव्हे, उजळपणा

हा टप्पा मलाही बराच काळ जमत नव्हता, आणि बहुतेकांचं इथेच बिनसतं. दुकानात आपण ‘हिरवा की खाकी’ यावर वाद घालतो. लांबून बघणाऱ्या जनावराला आधी दिसतो तो आजूबाजूपेक्षा काळपट किंवा पांढुरका असा एक गोळा. रंगाची छटा थोडी चुकली तर चालते, उजळपणा चुकला की संपलं.

आपला माळ जुलै ते सप्टेंबर हिरवा असतो. ऑक्टोबरात पिवळा पडायला लागतो आणि त्यानंतर पावसाळ्यापर्यंत त्याचा रंग एकच: जुन्या कडब्याचा. म्हणजे वर्षातले आठ महिने तुम्हाला कडबाच व्हायचंय. कापड घ्यायला जाताना कडब्याचं एक चिपाड आणि माळावरची गवताची काडी खिशात ठेवा. तागा दुकानाबाहेर उन्हात आणायला सांगा आणि काडी त्यावर धरा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात जुळेलच असं नाही. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

आता नीट लक्ष द्या. काडीशी तंतोतंत जुळलेलं कापडही माळावर काळपट दिसतं, आणि त्याला दोन कारणं आहेत. फोटोसाठी आपण सूर्य पाठीशी ठेवतो. म्हणजे जनावराकडे असलेली आपली छाती सावलीत जाते. गवताच्या पात्यांतून मात्र ऊन आरपार येतं आणि ती उजळून निघतात. त्यांच्यामध्ये तुम्ही काळा ठिपका. दुसरं कारण घाम. सोलापूरचं ऊन मी सांगायला नको. सकाळी नऊला पाठ भिजलेली असते आणि भिजलेलं सुती कापड चांगलंच गडद होतं. तेव्हा काडीपेक्षा एक छटा उजळ कापड घ्या. पांढरं नव्हे, उजळ.

परीक्षा सोपी आहे. शर्ट ओला करून पिळा, बोरीच्या झुडपावर टाका, सूर्य शर्टामागे येईल अशा बाजूला पन्नास पावलं जा आणि मोबाइलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. शर्ट पटकन सापडला तर तो माळासाठी बाद. कंपनीनं पाकिटावर काय लिहिलंय त्याला अर्थ नाही.

छापाचंही तसंच. बारीक पानं-फांद्या किंवा छोटे चौकोन हातात घेतल्यावर झकास दिसतात. साठ-सत्तर मीटरवर ते एकमेकांत मिसळून एकच गडद रंग होतो. छाप हवीच असेल तर मोठ्या पट्ट्यांची घ्या, ज्यात फिकट भाग जास्त असेल आणि पट्टे उभे असतील, कारण गवत उभं असतं. माझं मत विचाराल तर छाप लागतच नाही. साधा मळकट शर्ट, वेगळ्या छटेची पँट. शरीराचे दोन तुकडे झाले, बास.

लष्करी छाप तर नकोच. लष्कराची १५ जानेवारी २०२२ ला सादर झालेली डिजिटल छाप खुल्या बाजारात विकायला नाही, आणि सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तसा पोशाख घालणं गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नसला तरी गावातल्या लोकांना उत्तरं देत बसावं लागतं आणि सकाळ वाया जाते.

कापड

मांजरपाट. ब्लीच न केलेल्या कोऱ्या मांजरपाटाचा रंगच वाळल्या गवताच्या जवळचा असतो. फारच पांढुरका वाटला तर कडक चहाच्या पाण्यात रात्रभर बुडवा. सोलापुरात गणवेश शिवणारे एवढे कारागीर आहेत की तयार शर्ट मागवण्याचं कारणच नाही. लांब बाह्या, झाकलेली बटणं, बंद कॉलर सांगा. पँटसाठी घट्ट विणीचं ड्रिल. होजियरी आणि लोकरी कपडे कुसळी गवतात घालू नका: कुसळ विणीत शिरतं, पीळ घेत आत सरकतं, आणि नेमकं काळवीट मान वर करतं तेव्हा मांडीला टोचतं. पॉलिस्टर चमकतं, शिवाय चालताना सळसळतं.

पावसाळ्यात मळकट शेवाळी, पोपटी नाही. हिप्परग्याच्या तलावाकाठी चिखलाचा राखाडी-तपकिरी.

गाडीत आणि लपणात सगळं उलटं

हे फारसं कोणी सांगत नाही. काळविटं पायी माणसापेक्षा गाडीला कमी बुजतात, म्हणून बरेच जण गाडीतूनच फोटो काढतात. गाडीच्या आत अंधार असतो. तिथे कडब्याच्या रंगाचा शर्ट खिडकीत उठून दिसतो. गाडीत किंवा लपणात (लपून बसायला उभारलेल्या आडोशात) गडद तपकिरी किंवा काळा शर्ट घाला आणि पलीकडच्या काचेला गडद कापड लावा, नाहीतर मागच्या उजेडात तुमचं डोकं स्पष्ट दिसतं. मी पिशवीत दोन्ही शर्ट ठेवतो.

बाकीचं

चेहरा आणि हात सगळ्यात आधी हलतात. रुंद काठाची टोपी, तोंडाला पंचा (सोलापुरी टॉवेल नको, तो भडक आणि जाड), पातळ सुती हातमोजे. घड्याळ काढा.

उंचवट्यावर उभं राहू नका. आभाळासमोर कुठलाच रंग लपत नाही. झुडपापुढे बसा, झुडपामागून डोकावू नका. बसायला घोंगडी उत्तम. वारा लांडग्याकडे वाहत असेल तर या लेखातलं काहीच कामाचं नाही.

पिशवीत एक नारिंगी रुमाल हवाच. संध्याकाळी शेतांच्या कडेनं परतताना राखण करणाऱ्या माणसाला तुम्ही दिसलं पाहिजे. तिथे लपणं जिवावर बेतू शकतं.

धुताना ‘जास्त शुभ्र’ करणारी पावडर वापरू नका. तिच्यातलं चमक आणणारं रसायन सूर्याच्या अतिनील प्रकाशात निळसर उजळतं, आणि निळा कोणाला दिसतो ते वर आलंच आहे. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च अंधारात कपड्यावर मारून बघा. चमकला तर तो शर्ट ऑफिसला घाला. माळाचे कपडे रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, नीळ नाही, इस्त्री नाही.

बूट मळखाऊ तपकिरी, आणि सोल बघून घ्या. पालथं पडून फोटो काढताना मागे पांढरे सोल वर येतात.