शोच्या घरात गायला निघालायस? बॅगेत आधी तानपुरा टाक

मी पेटी वाजवतो. टीव्हीवरच्या गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोच्या ऑडिशनच्या आधी पोरंपोरी कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडं येतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, दादा कुठलं गाणं घेऊ? गाणं बघू की नंतर, आधी तुझी पट्टी सांग, म्हणजे तुझा सा पेटीच्या कुठल्या सुरावर ते. निम्म्यांना ती माहीतच नसते, कारण यूट्यूबच्या ट्रॅकवर गाऊन गाऊन मूळ गायकाच्या स्केलमध्येच गळा ताणायची सवय लागलेली असते. मुखड्यातला सगळ्यात खालचा सूर आणि अंतऱ्यातला सगळ्यात वरचा, दोन्ही सकाळी सातला न ओढता लागतात का बघ, लागले की ती तुझी पट्टी, मग पेटीची काळी दोन असो नाहीतर पांढरी चार, वहीत लिहून टाक. सकाळचं मुद्दाम सांगतोय, रात्री गळा तापलेला असतो तेव्हा काय सगळंच लागतंय.

ऑडिशनला लांबलचक आलाप नको. तुझी जी खास जागा, म्हणजे हरकत, आहे ती पहिल्या चार ओळीतच आली पाहिजे, पुढचं ऐकायला कुणाला वेळ नसतो.

आता शोच्या घरात राहायचं. खरी परीक्षा हीच, आणि तिची तयारी कोणच करत नाही. फोन बहुतेक वेळा काढून घेतात, म्हणजे तानपुऱ्याचं अ‍ॅप गेलं, लिरिक्स गेले, गुरुजींनी पाठवलेले व्हॉइस मेसेज पण गेले. म्हणून इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची छोटी पेटी घे, दोन अडॅप्टर घे आणि वीसेक गाणी स्वतःच्या हातानं वहीत लिही, श्वास कुठं घ्यायचा तिथं खूण करून. रूममध्ये चार-पाच जण, रात्रभर एसी, शूटिंग मध्यरात्र उलटून जाणार. एसीनं घसा कोरडा पडतो, मफलर घेऊन जा, लाजू नकोस. आणि हे आपल्या कोल्हापूरकरांसाठी खास, रात्री बाराला तिखट चापून लगेच आडवं व्हायचं नाही, ॲसिडिटी वर येते आणि सकाळी खर्ज, म्हणजे खालचे सूर, लावायला जावं तर आवाज नुसता खरखरतो. तांबडा रस्सा कुठं पळून जात नाही, परत आल्यावर ओरप.

कॅमेरा दिवसभर चालू असतो हे दोन दिवसांत विसरायला होतं. मत गाण्यालाच मिळतं असं नाही बाबा. 2005 ला सोनीवर फेम गुरुकुल लागायचं, पोरं तिथंच राहायची, तिथंच शिकायची, इला अरुण हेडमिस्ट्रेस, परीक्षक जावेद अख्तर, शंकर महादेवन आणि केके. काझी तौकीरच्या गाण्यावर परीक्षक खूश नसायचे पण पब्लिक त्याच्यावर फिदा, शेवटी तो आणि रूपरेखा बॅनर्जी जिंकले. अरिजित सिंग त्याच शोमधून फायनलच्या आधीच बाहेर पडलेला! तेव्हा रियाज कर, पण चहा करताना, हरलेल्याला धीर देताना, शिव्या खाताना तू कसा दिसतोस तेपण लोक बघत असतात. नाटक करू नकोस, पकडलं जातंय.

मतांचं काम मात्र घरच्यांचं. आपला कोल्हापूरचा अभिजीत कोसंबी झी मराठीवरचं सारेगमप जिंकला तो जमाना एसएमएसचा, मेसेजला पैसे जास्त कापायचे. आता अ‍ॅप असतं, एका लॉगिनला ठरावीकच मतं, खिडकी थोडा वेळच उघडी, त्यामुळं एकानं शंभरदा दाबून उपयोग नाही, माणसं जास्त पाहिजेत. माझ्याकडच्या एका पोरीच्या वेळी चौकात हा एवढा फ्लेक्स लागला, ढोल वाजला, नाद खुळा वातावरण, आणि मतांच्या रात्री निम्मी गल्ली ओटीपीची वाट बघत बसलेली. फ्लेक्सच्या पैशात दोन पोरं बसवा, तालमीत, कॉलेजच्या कट्ट्यावर, आत्याच्या भिशीत जाऊन प्रत्येकाचं लॉगिन आठवडाभर आधीच करून देणारी. शो हिंदी असेल तर सांगली-साताऱ्याचे पाहुणे पण धरा, एकट्या कोल्हापूरच्या मतांवर भागत नाही.

आणि आईला सांगून जा, आठवड्यातनं एकदा फोन लागेल तेव्हा मतांचं काय बोलायचं नाही. म्हशीनं किती दूध दिलं, काकीचं भांडण मिटलं का, तेवढंच. निघायच्या आदल्या रात्री ती तानपुऱ्याची पेटी एकदा लावून बघ, अडॅप्टर दोन्ही चालतात का ते.