आर्किटेक्ट असोसिएशनची वार्षिक सभा कशी घ्यावी (नव्या सेक्रेटरींसाठी)

सेक्रेटरीपद गळ्यात पडलं की पहिल्यांदा संस्थेची घटना काढून नीट वाचा. नोटीस किती दिवस आधी, कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) किती, मतदानाचा हक्क कुणाला हे सगळं त्यातच असतं आणि प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं, त्यामुळं दुसऱ्या गावच्या असोसिएशनचं बघून करू नका.

मग तारीख. वर्ष 31 मार्चला संपतं, सीएकडं एप्रिलमध्येच फाईल दिली तर जूनमधला एखादा रविवार आरामात जमतो. जुलै-ऑगस्टवर ढकलू नका. आपल्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला आली की शिरोळ-इचलकरंजीकडचे मेंबर येणार कसे, आणि इथले निम्मे क्लायंटच्या घरात पाणी शिरलंय का बघायला गेलेले असतात. पुढं गणपती, नवरात्र, त्या दिवसांत दसरा चौकातल्या शाहू स्मारकसारखा हॉल रविवारी मिळणं अवघडच.

नोटिशीसोबत नुसती विषयपत्रिका नको, जमाखर्च आणि ताळेबंदपण पाठवा. यात खरंच वेळ घाला. 'किरकोळ खर्च' म्हणून एका ओळीत मोठी रक्कम टाकली की सगळी सभा तिथंच अडकते, तीच रक्कम हॉलभाडं, चहा-नाष्टा, प्रिंटिंग, पाहुण्यांचा प्रवास अशी फोडून दाखवली की लोक वाचतात आणि पुढं जातात. व्हाउचरची फाईल टेबलावर उघडी ठेवा. पैसा मेंबरांच्या वर्गणीचा आहे, विचारायचा हक्क त्यांचाच.

दारातच सह्यांचं रजिस्टर ठेवा, कोरम त्यावरूनच धरायचा. कोरम भरला नाही तर घटनेत असेल तसं सभा तहकूब करून परत सुरू करा. क्रम नेहमीचाच: मागचं इतिवृत्त कायम करणं, अहवाल, हिशोब, अंदाजपत्रक, ऑडिटरची नेमणूक, असेल तर निवडणूक, शेवटी ऐनवेळचे विषय. ऐनवेळच्या विषयात वर्गणीवाढ किंवा घटनादुरुस्ती अजिबात घेऊ नका, जे आले नाहीत त्यांच्यावर तो अन्याय आहे. प्रत्येक ठराव तिथंच लिहून मोठ्यानं वाचा, सूचक-अनुमोदकांच्या नावासकट, नंतर आठवून लिहिलं की वाद होतात.

औपचारिक सभा संपल्यावरच खुलं सत्र घ्या, बाहेरचे पाहुणे तेव्हा बोलवा. विषय एकच, पण गावाचा. निळ्या-लाल पूररेषेच्या (नकाशावरच्या पुराच्या दोन हद्दी, निळी नदीजवळची, लाल त्याबाहेरची) मधल्या प्लॉटचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येकाच्या टेबलावर आहे. किंवा जुन्या इमारतींची आगीपासून सुरक्षा, कारण शाहू महाराजांच्या काळातलं, 1915 चं केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये डोळ्यांदेखत जळालं आणि त्यावर आपण आर्किटेक्टनी बोलायचं नाही तर कुणी? नगररचनाच्या अधिकाऱ्यांना बोलवणार असाल तर प्रश्न आधीच लेखी घेऊन त्यांना पाठवा, नाहीतर 'माझी फाईल अडकलीय' यातच सत्र संपतं. नव्यानं प्रॅक्टिस सुरू केलेल्या पोरापोरींना माईक आधी द्या, सीनियर सर बोलायला लागले की ती गप्प बसतात.

जेवण सगळ्यात शेवटी. तांबड्या-पांढऱ्याचा वास सुटला की हॉल रिकामा होतो.

आठवड्याभरात इतिवृत्त सगळ्यांना पाठवा. संस्था ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल आणि कार्यकारिणी बदलली असेल तर 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाची लेखी नोंद) द्यावा लागतो, आणि नव्या खजिनदारांची सही बँकेत त्याच आठवड्यात बदलून घ्या.