माजी विद्यार्थ्यांची मुलाखत घेताय? या चुका टाळा

आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी, आणि नंतर यूट्यूबसाठी, मी बरीच वर्षं माजी विद्यार्थ्यांशी गप्पा रेकॉर्ड करतोय. पुण्यातलं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, जुनं आहे, त्यामुळे माणसं भरपूर. कोणी धरणावर काम केलेलं, कोणी चिप डिझाइनमध्ये, कोणी भोसरीत स्वतःचं वर्कशॉप टाकलेलं. दरवर्षी नवीन पोरं टीममध्ये येतात आणि दरवर्षी त्याच चुका होतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो. यातल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्यात.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो, बाकीच्या निम्म्या चुका तिच्यातूनच येतात. आपण माणसाला त्याच्या यशाबद्दल विचारतो, कामाबद्दल विचारतच नाही. "सर, तुमच्या यशाचं रहस्य काय?" हा प्रश्न विचारला की समोरचा कितीही हुशार असला तरी उत्तर एकच येतं, मेहनत, चिकाटी, आईवडिलांचे आशीर्वाद, चांगले मित्र. खोटं काहीच नाही त्यात, पण हे उत्तर कोणाचंही असू शकतं. नाव बदलून दुसऱ्याच्या फोटोखाली छापलं तरी कोणाला कळणार नाही.

पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झालेले एक सर होते. पाऊण तास मुलाखत घेतली आम्ही, प्रश्न सगळे असेच, प्रेरणा काय, तरुणांना संदेश काय. रेकॉर्डिंग बंद केलं, चहा झाला, खाली पार्किंगमध्ये त्यांना सोडायला गेलो आणि स्कूटरला किक मारायच्या आधी ते सहज म्हणाले की सुरुवातीची कित्येक वर्षं ते रात्री दोन वाजता रस्त्यावर उभे असायचे, लोखंडी रॉडचं एक टोक पाइपलाइनवर आणि दुसरं कानाला लावून. जमिनीखाली पाणी कुठे गळतंय ते आवाजावरून शोधायचं, आणि दोन वाजताच का तर ट्रॅफिक नसतं आणि नळ बंद असतात त्यामुळे जो आवाज येतो तो गळतीचाच. व्हॉल्व्हवरच्या जुन्या माणसांना तो आवाज त्यांच्यापेक्षा चांगला कळायचा, ते त्यांच्याकडूनच शिकले. दहा मिनिटं बोलले असतील, आणि आमचा रेकॉर्डर वरती बॅगेत. त्या पाऊण तासातलं मला आज एक वाक्य आठवत नाही, ही दहा मिनिटं मात्र जशीच्या तशी आठवतात. पुन्हा वेळ मागून गेलो आम्ही, दुसऱ्यांदा त्यांनी सांगितलंही, पण पार्किंगमधलं ते सांगणं काही परत आलं नाही.

तर विचारायचं काय? कामाच्या आत शिरता येईल असं काहीतरी. काल ऑफिसला पोचल्यावर सगळ्यात आधी काय केलंत? तुमच्या कामातली बाहेरच्यांना सोपी वाटणारी पण खरं तर अवघड अशी गोष्ट कुठली? कुठला निर्णय चुकला, आणि तो चुकला हे कळलं कसं? पहिल्या साइटवर तुम्हाला कोणी शिकवलं? असं विचारलं की माणूस खुर्चीत जरा पुढे सरकतो, हाताने आकृत्या काढायला लागतो, कागद मागतो. तो कागद जपून ठेवा, अंकात छापा.

तयारी म्हणजे बायोडेटा पाठ करणं नाही

पोरं लिंक्डइन बघून येतात. कुठून कुठे गेले, कोणतं पद, कोणता पुरस्कार. हे वाचायलाच हवं, ते विचारण्यात वेळ घालवायचा नाही एवढ्यासाठी. खरी तयारी म्हणजे त्या माणसाने सोडवलेला प्रश्न काय होता ते समजून घेणं.

उदाहरण म्हणून विश्वेश्वरय्या घ्या. पुण्याच्याच सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे (कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे) माजी विद्यार्थी. 15 सप्टेंबरला इंजिनिअर्स डेला गावोगाव फोटोला हार घालतात, भारतरत्न 1955 हे सगळ्यांना पाठ असतं. पण खडकवासल्याला 1903 मध्ये त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे नक्की काय करायचे, हे मी दरवर्षी नवीन टीमला विचारतो आणि फार थोड्यांना सांगता येतं. धरणाची उंची न वाढवता जास्त पाणी साठवायचं, आणि पूर आला, पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपले आपण उघडून जादा पाणी सोडून देणार, नदीच्या खालच्या बाजूला पुणं आहे हे लक्षात घ्या. हा प्रश्न समजला की आज एखाद्या धरणावरच्या माजी विद्यार्थ्याला विचारायला दहा गोष्टी आपोआप सुचतात. पाणी सोडायचा निर्णय आता कोण घेतं, किती तास आधी घेतं, चुकला तर काय होतं.

सी. कुमार पटेल हे नाव आमच्या टीममधल्या बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. जन्म 1938, बारामतीचा, सीओईपीतून शिकून अमेरिकेला गेले आणि 1964 मध्ये बेल लॅब्समध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर बनवला. आज आपल्या गल्लीतला दुकानदार ॲक्रिलिकच्या पाट्या आणि नक्षीच्या लग्नपत्रिका ज्या मशीनवर कापतो त्यात बहुतेक वेळा हाच लेझर असतो. "परदेशात नाव कमावलं" असं लिहून थांबलो तर हे सगळं बाहेरच राहतं, आणि पत्रिकेच्या दुकानापासून सुरुवात केली तर बारावीचा पोरगाही शेवटपर्यंत वाचतो.

गाजलेला किस्साच पुन्हा विचारणं

नाव झालेल्या प्रत्येक माणसाचा एक किस्सा असतो जो त्याने शेकडो वेळा सांगितलेला असतो. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर सरांबद्दल बोलताना रस्त्याच्या दिव्याखालचा अभ्यास येतोच. प्रसंग खराच आहे, मोठाच आहे, पण तो सगळ्यांना माहीत आहे. माटुंग्याच्या यूडीसीटीत (आजची आयसीटी) केमिकल इंजिनिअरिंग शिकलेला माणूस पुढे सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचा प्रमुख असताना हळदीचं पेटंट लढवतो, तिथे विचारण्यासारखं बघा किती आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 मध्ये दिलं गेलं आणि सीएसआयआरने आव्हान दिल्यावर 1997 मध्ये ते रद्द झालं. आपल्या आजीला जे माहीत होतं ते पेटंट ऑफिसपुढे सिद्ध कसं करायचं? आजीचा शब्द तिथे चालत नाही, आधी छापलेला पुरावा लागतो, जुने ग्रंथ शोधा, शोधनिबंध शोधा, भाषांतर करा, आणि ते एका परक्या कायद्याच्या भाषेत मांडा. हे काम कोणी केलं, पहिल्या दिवशी काय हातात होतं, कुठे अडलं, हा प्रश्न मला कोणत्याही किश्शापेक्षा मोलाचा वाटतो.

किस्सा टाळायचाही नाही, सुरुवातीला येऊ द्या, माणूस मोकळा होतो. मग विचारा, "आणि त्यानंतरच्या सोमवारी?"

फक्त सीईओ शोधणं

यादी करताना नजर परदेशातल्या आणि मोठ्या पदांवरच्या लोकांकडेच जाते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं इंजिनं उभी करणारा, जिल्हा परिषदेत रस्त्यांची कामं बघणारा, चाकणला सात मशीनवर वीस माणसांना काम देणारा, हेही आपलेच माजी विद्यार्थी आहेत, आणि आपल्या वर्गातली बहुतेक पोरं उद्या अशाच जागी जाणार आहेत. त्यांना या लोकांकडून जे कळेल ते दुसरं कोणी सांगणार नाही. या लोकांना बोलावलं की पहिल्यांदा म्हणतात "अहो माझी कसली मुलाखत". तिथे थांबायचं नाही, घरी किंवा वर्कशॉपवर जायचं. मशीनपाशी उभं राहून तो माणूस वेगळाच बोलतो.

आणि मॅडमची मुलाखत असली की "घर आणि करिअर कसं सांभाळलंत" हा प्रश्न. प्लीज, बंद करा. आमच्या एका सीनिअर मॅडमनी, पुलांच्या डिझाइनमध्ये हयात गेलेली, मला सरळ विचारलं, हे तू सरांना विचारलंस का? मी नव्हतं विचारलं. त्यांनी स्वतःहून विषय काढला तर ऐका, नीट ऐका, पण आपला पहिला प्रश्न पुलाचाच असला पाहिजे.

बोलताना होणाऱ्या चुका

एका दमात तीन प्रश्न विचारणं. समोरचा शेवटच्याचं उत्तर देतो, पहिले दोन जातात. तसंच उत्तर संपल्यासारखं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकणं. चार सेकंद थांबा, अवघड वाटतं, पण खरं उत्तर पुष्कळदा त्या चार सेकंदांनंतर येतं. आणि कळलं नाही तर "म्हणजे?" एवढंच विचारा, मान डोलावू नका, तुम्हाला कळलं नाही तर वाचणाऱ्यालाही कळणार नाहीये.

भाषेचं पण सांगतो. माणूस मराठी, आपण मराठी, तरी कॅमेरा लागला की दोघंही इंग्रजीत जातात आणि सगळं भाषणासारखं व्हायला लागतं. मराठीत सुरू करा. टेक्निकल शब्द इंग्रजी येतील, येऊ देत, "लोड आला की ते बेंड होतं" असंच लिहा, कोशातले शब्द शोधून त्याच्या तोंडी घालू नका.

संबोधन ठरवून घ्या. दहा वर्षं सीनिअर असलेल्याला सर म्हटलं तर तोच म्हणतो दादा म्हण, पण ते त्याने म्हणू दे. आणि मुलाखत संपल्या संपल्या रेझ्युमे पुढे करू नका. माणसाने दोन तास दिलेत, त्याला वाटतं की यासाठीच बोलावलं होतं, आणि पुढच्या बॅचला तो वेळ देत नाही. असं आमच्याकडे झालंय.

अजून एक, सत्कारात वेळ घालवणं. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, यात अर्धा तास जातो आणि गप्पांना वीस मिनिटं उरतात. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या फाइलमध्ये माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा मुद्दा असतो त्यामुळे फोटो लागतात हे मला मान्य आहे, पण फोटो शेवटी काढा.

अडचण आली तर

मेलला उत्तर नाही: "आपल्या अनुभवाचा लाभ व्हावा" असा मेल सगळेच पाठवतात. तीन वाक्यं लिहा, तुम्ही कोण, त्यांच्या कोणत्या कामाबद्दल बोलायचंय, किती मिनिटं हवीत. आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडा.

परदेशातले लोक: आपल्या घड्याळात बदल होत नाही, त्यांच्यात होतो. कॅलिफोर्निया उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेतेरा. त्यांची संध्याकाळची साडेसात म्हणजे आपले दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ, तेच नोव्हेंबरात नऊ होतात. दोन्हीकडची तारीख आणि वेळ मेसेजमध्ये लिहा. फ्री झूम चाळीस मिनिटांनी तुटतं, ऐन रंगात आलेलं बोलणं तिथे मोडतं, म्हणून दुसरी लिंक आधीच पाठवून ठेवा.

एकाक्षरी उत्तरं येतायत: प्रश्न बंद करा, वस्तू पुढे ठेवा. जुना ग्रुप फोटो, जुना वार्षिक अंक, त्यांच्या वेळची प्रश्नपत्रिका. वयस्क माणसांच्या बाबतीत हे हमखास चालतं. त्यांची सालं इकडची तिकडे होतात, बोलताना मध्येच दुरुस्त करू नका, घरी येऊन जुन्या अंकांशी ताडून बघा आणि मग फोन करा.

आवाज खराब: पंखा बंद, एसी शक्यतो बंद, कॉलर माइक, आणि शिवाय दुसरा फोन टेबलावर फ्लाइट मोडमध्ये रेकॉर्डिंग लावून. सुरुवातीला दोन मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. तरीही फाइल गेलीच तर तिथल्या तिथे कट्ट्यावर बसून दोघांनी वेगवेगळं आठवेल ते लिहा, घरी पोचेपर्यंत निम्मं जातं.

"हे छापू नका" म्हणाले: छापायचं नाही, विषय संपला. कंपनीचे करार असतात, हातातल्या प्रोजेक्टबद्दल बोलता येत नाही, हे आधीच विचारून घ्या. मजकूर तयार झाला की त्यांना दाखवा पण काय तपासायचं ते सांगा, आकडे, नावं, टेक्निकल बाबी. नाहीतर सगळं प्रेस नोटसारखं करून परत येतं आणि मग नाही म्हणणं जड जातं. अॅपने काढलेली ट्रान्सक्रिप्ट तशीच वापरू नका, मराठी-इंग्रजी मिसळलं की ती आकडे आणि नावं हमखास चुकवते, आणि माणसाला स्वतःचं नाव चुकलेलं दिसलं की बाकी काही दिसत नाही.

शेवटची गोष्ट, आमची सगळ्यात महागात पडलेली. दोन वर्षांची सगळी मूळ रेकॉर्डिंग एका विद्यार्थ्याच्या कॉलेज अकाउंटच्या ड्राइव्हवर होती. तो पास झाला, नियमाप्रमाणे अकाउंट बंद झालं, अकरा मुलाखती गेल्या. त्यातले दोन जण आता हयात नाहीत. तेव्हापासून प्रत्येक फाइल त्याच दिवशी तीन ठिकाणी जाते, लायब्ररीची हार्ड डिस्क, विभागाचं सामायिक अकाउंट आणि ज्यांची मुलाखत आहे त्यांच्या घरी पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह द्यायला जाताना छापलेला अंक सोबत न्या, दोन प्रती न्या, एक त्यांच्या आईवडिलांसाठी किंवा मुलांसाठी मागतातच.